दोन हंडे पाणी

[शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला पाणी, वीज, अन्न आणि वस्तू यांचा उपयोग स्वतःच्या विचाराने करावा लागतो. आपल्या एका खोलीतील वागणुकीचा दूरच्या माणसांच्या जीवनाशी कसा संबंध असतो, हे या पाठात लेखकाने एका अनुभवाच्या आधारे सांगितले आहे.]

मुलांनो, आणखी पाच-सहा वर्षांनी तुमच्यापैकी कित्येक जण उच्च शिक्षणासाठी आपले घर सोडतील. एखाद्या शहरातील वसतिगृहात एक खोली, एक खाट, एक कपाट एवढा तुमचा नवा संसार असेल. घरी असताना पंखा बंद करायला आई सांगते, नळ नीट फिरवायला आजी सांगते, पानात टाकू नका म्हणून वडील रागावतात. वसतिगृहात यांपैकी कोणीही नसते. तेथे आपले मन हीच आपली आई, आणि तेच आपले वडील. ते मन किती तयार झाले आहे, याची खरी परीक्षा त्या लहानशा खोलीत होते. ही परीक्षा देणाऱ्या तीन मुलांची हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे. आणि याच परीक्षेत मी स्वतः कसा नापास झालो होतो, तेही सांगणार आहे.

मुंबईच्या उपनगरांत अंधेरीच्या पूर्वेस मरोळ नावाचा भाग आहे. एके काळी हे भातशेतीचे आणि वाड्यांचे गाव होते. जुन्या गावठाणातील अरुंद गल्ल्या, कौलारू घरे आणि वाटेवरचे क्रूस अजून त्या गावाची आठवण करून देतात. पुढे येथे औद्योगिक वसाहत आली, कारखाने आले, विमानतळामुळे वर्दळ वाढली; २०१४ साली मरोळ नाक्यावरून मेट्रो धावू लागली. उत्तरेला आरेची झाडी आणि तिच्या पलीकडे विहार व पवई हे तलाव आहेत. या तलावांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापासून उगम पावणारी मिठी नदी मरोळच्या कडेने वाहत साकीनाका, कुर्ला, धारावी अशी वळणे घेऊन माहीमच्या खाडीला मिळते. निवृत्त झाल्यापासून मी याच मरोळमध्ये राहतो.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साताऱ्याहून अभियांत्रिकी शिकण्यासाठी मुंबईला आला आणि मरोळमधीलच एका वसतिगृहात राहू लागला. मे महिन्यातील एका दुपारी, बहिणीने पाठविलेली आंब्यांची करंडी घेऊन मी त्याला भेटायला गेलो. दार लोटलेले होते. आत कोणी नव्हते. परंतु माथ्यावर पंखा गरगर फिरत होता आणि भर दुपारी दिवा जळत होता. टेबलावर अर्धवट खाल्लेल्या अन्नाचे प्लॅस्टिकचे डबे, खाटेखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग. कपाटाच्या माथ्यावर मागच्या वर्षीच्या वह्या होत्या. त्यांतील निम्म्याहून अधिक पाने कोरी होती. आणि या सर्वांमागे न्हाणीघरातून एक आवाज सतत येत होता : टप्, टप्, टप्.

मी प्रथम पंखा व दिवा बंद केला. मग न्हाणीघरात जाऊन नळाखाली एक पेला ठेवला आणि घड्याळाकडे पाहत बाहेर बसलो. इतक्यात माझा भाचा आणि त्याच्या खोलीतील दोघे मित्र आले. एक नांदेडकडचा होता, दुसरा सिंधुदुर्गातला.

"मामा, तुम्ही कधी आलात ? फोन तरी करायचा !" भाचा माझ्या पाया पडत म्हणाला.

"आलो आताच. थांब, दहा मिनिटे होऊ देत."

"कसली दहा मिनिटे ?"

मी उत्तर दिले नाही. दहा मिनिटे होताच न्हाणीघरातून पेला आणून टेबलावर ठेवला. तो काठोकाठ भरला होता. त्यात पाव लिटर पाणी मावत असे.

"तुम्ही तिघेही अभियंते होणार आहात," मी म्हणालो. "मला एवढे गणित करून द्या. दहा मिनिटांत पाव लिटर, तर दिवसभरात किती ?"

नांदेडच्या मुलाने लगेच हिशेब केला. "तासाला दीड लिटर. चोवीस तासांचे छत्तीस लिटर, काका."

"आणि हा नळ कधीपासून गळतो आहे ?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "तीन आठवडे झाले असतील," भाचा हळूच म्हणाला. "आम्ही तक्रारवहीत लिहिले आहे, मामा. कोणी आलेच नाही."

"छत्तीस लिटर म्हणजे दोन हंडे भरून वर काही उरेल," मी म्हणालो. आणि हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताच मला एक फार जुनी गोष्ट आठवली. ती मी त्यापूर्वी कोणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी मात्र ती सांगावीशी वाटली.

१९८३ साली मी प्रथम शिक्षक म्हणून लागलो, तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. हा तालुका म्हणजे मुंबईचा पाण्याचा रांजणच. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे याच तालुक्यात आहेत. तानसा धरण तर १८९२ सालचे. आमच्या गावाजवळून पाण्याचे प्रचंड लोखंडी नळ मुंबईकडे गेलेले होते. त्यांच्यावर चढून मुले खेळत. उन्हाळ्यात नळाला कान लावला, की आतून वाहणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाज ऐकू येई.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुरेख, पाठांतर उत्तम. तथापि फाल्गुन संपला, की ती रोज उशिरा येऊ लागे. मी तरुण होतो, शिस्तीचा मोठा अभिमान बाळगणारा होतो. दोन-तीन वेळा समज दिली. चौथ्या दिवशी मी तिला वर्गाबाहेर उन्हात उभे केले. ती एक अक्षर बोलली नाही. खाली मान घालून तासभर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या गावी जाण्यासाठी लवकर निघालो होतो. टेकडीच्या उतारावर ती मला दिसली. डोक्यावर एकावर एक असे दोन हंडे होते, आणि अनवाणी पायांनी ती जपून चढ चढत होती. तिच्या वस्तीवरची विहीर आटली होती आणि पाण्याचा झरा टेकडीपलीकडे होता. पहाटे अंधारात निघून, झऱ्यापाशी आपली पाळी येईपर्यंत थांबून, दोन हंडे घरी पोहोचवून मग ती शाळेत येत असे. तिची पायवाट त्या लोखंडी नळांच्या अगदी कडेने जात होती. तिच्या डाव्या हाताला लाखो लिटर पाणी मुंबईकडे वाहत होते, आणि ती दोन हंड्यांसाठी टेकडी ओलांडत होती.

मला पाहताच ती थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, आज वेळेवर येते."

मुलांनो, त्या क्षणी मी तिची क्षमा मागावयास हवी होती. मी मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे कमीपणा कसा घ्यावयाचा, असे मला वाटले असावे. त्या दिवसापासून मी तिला उशिराबद्दल कधी बोललो नाही, एवढेच. पुढच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गात ती नव्हती. लहान भावंडांना सांभाळावयास आणि पाणी भरावयास घरी कोणी नव्हते, असे समजले. आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी कोठे नळ टपकताना ऐकला की मला ते दोन हंडे आठवतात.

खोलीत शांतता पसरली. सिंधुदुर्गचा मुलगा उठला, न्हाणीघरात गेला आणि नळ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करू लागला. परंतु आतले वायसर झिजले होते; धार थांबेना.

थोड्या वेळाने भाचा म्हणाला, "मामा, तुमचे म्हणणे पटते. पण आम्ही नळ बंद केला, म्हणून त्या मुलीच्या घरी थोडेच पाणी जाणार आहे ? एवढ्या मोठ्या मुंबईत आमच्या एका खोलीने काय होणार ?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मला तो आवडला. एका खोलीतला नळ बंद केल्याने दुसऱ्या गावी पाणी पोहोचत नाही, हे खरेच आहे. त्यासाठी विहिरी, तलाव, नळयोजना लागतात. शासनाने आणि समाजाने मिळून ते काम करावे लागते. शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही दुःखाची गोष्ट आहे. परंतु मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते. हे पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, भातसा, अप्पर वैतरणा व मध्य वैतरणा या सात तलावांतून येते. तुळशी व विहार हे दोनच तलाव मुंबईच्या हद्दीत आहेत. १८६० साली बांधून झालेला विहार तलाव एके काळी मुंबईला पुरेसा वाटला होता. शहराची तहान वाढली, तसतसे ते अधिकाधिक दूरच्या खोऱ्यांकडे हात पसरू लागले. आज काही तलाव शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहेत. प्रत्येक नव्या धरणाखाली कोणाची तरी शेते आणि घरे जातात. म्हणून शहरात वाया जाणारे पाणी हा केवळ शहराचा प्रश्न राहत नाही. आणि शहर म्हणजे तरी काय ? अशा लाखो खोल्याच ना !

विजेचेही असेच आहे. बटण दाबले की दिवा लागतो, त्यामुळे ती भिंतीतूनच येते असा आपला समज होतो. परंतु मुंबईच्या उपनगरांना मिळणाऱ्या विजेचा काही भाग डहाणूच्या औष्णिक केंद्रातून येतो, आणि तेथे दिवसरात्र दगडी कोळसा जळत असतो. एक युनिट वीज निर्माण करावयास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे पंचाहत्तर वॉटचा असतो. मुले वर्गात असताना रिकाम्या खोलीत तो रोज दहा तास फिरला, तर दिवसाला पाऊण युनिट आणि महिन्याला साडेबावीस युनिटे खर्ची पडतात. म्हणजे कोणालाही वारा न घालता त्या पंख्याने दहा किलोहून अधिक कोळसा जाळला, आणि त्याचा धूर मात्र आपल्या सर्वांच्या वाट्याला आला.

राहिला कचरा. आपण कचरा 'टाकतो' म्हणतो. परंतु टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती केवळ आपल्या नजरेआड होते. मुंबईचा कचरा देवनारच्या भूमीवर १९२७ सालापासून टाकला जात आला. तेथे त्याचे डोंगर उभे राहिले. ओले अन्न अशा ढिगाऱ्यात हवेवाचून कुजते, तेव्हा त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. २०१६ सालच्या जानेवारीत देवनारला मोठी आग लागली, कित्येक दिवस धूर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी तर साऱ्या मुंबईवर संकट कोसळले होते. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यात समुद्राला भरती होती. नदीचे पात्र भरावाने व बांधकामांनी अरुंद झाले होते, आणि गटारांची तोंडे प्लॅस्टिकने व कचऱ्याने बुजली होती. मिठीचे पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरले. शेकडो माणसे प्राणांस मुकली. आमच्या चाळीत छातीइतके पाणी होते. ते ओसरल्यावर आम्ही घरातून जो गाळ उपसला, त्यात चिखलाइतक्याच प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. त्यांवर कोणाचेही नाव लिहिलेले नव्हते. पण त्यांतली एखादी आमचीही असेल, हे मला कसे नाकारता येईल? २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशा पिशव्यांवर बंदी घातली. कायदा झाला, तो पाळणे हे मात्र आपल्याच हाती आहे.

एवढे बोलणे झाल्यावर मी भाच्याला म्हणालो, "अरे, तुझे आजोबाही वसतिगृहातच शिकले. त्यांचे वसतिगृह कसे होते, ठाऊक आहे ना ?"

"शाहू बोर्डिंग," तो म्हणाला. "आई सांगते. पण फारसे ठाऊक नाही."

साताऱ्याच्या त्या वसतिगृहाची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी अशी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह सुरू केले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. तेथे सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. नोकरचाकर नव्हते. मुलेच पाणी भरीत, धान्य निवडीत, स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, शेतात राबत आणि अभ्यासही करीत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद होते. ते भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी नव्हते, रोज हातांनी गिरविण्यासाठी होते.

एकदा वसतिगृहातील धान्य संपले. भाऊराव देणग्या मिळविण्यासाठी परगावी गेले होते. मुलांच्या पोटाला काय घालावे ? तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रदेखील मोडून मुलांना जेवू घातले. इतर दागिने तर त्यापूर्वीच या मुलांसाठी खर्ची पडले होते. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. माझे वडील त्यानंतर काही वर्षांनी त्या वसतिगृहात आले. परंतु ही आठवण तेथे ताजी होती. मोठी मुले लहानांना ती सांगत.

त्याचा परिणाम माझ्या वडिलांवर जन्मभर राहिला. त्यांच्या ताटात शेवटचे शीतही उरत नसे. पत्रे आली की पाकिटे उलटी करून त्यांवर ते हिशेब लिहीत. त्यांची एक पत्र्याची पेटी आणि एक पितळी तांब्या त्यांच्या हयातीत कधी बदलला नाही. लहानपणी एकदा मी भात टाकून उठलो, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळ, जेवताना एवढे ध्यानात ठेव. पानातला भात म्हणजे कोणाच्या तरी गळ्यातला मणी असतो."

हे ऐकून भाच्याने टेबलावरच्या त्या अर्धवट डब्यांकडे पाहिले. मी आणखी काही बोललो नाही. आंब्यांची करंडी ठेवली आणि उठलो.

त्याच संध्याकाळी त्या तिघांनी मरोळ नाक्यावरील दुकानातून थोड्या पैशांचे एक वायसर आणले. पहारेकऱ्याकडून पाना मागून घेतला, वरचा कॉक बंद केला आणि अर्ध्या तासात नळ दुरुस्त केला. तीन आठवडे तक्रारवहीत पडून राहिलेले काम ते एवढेच होते ! पुढे त्यांनी मजल्यावरचे सगळे नळ तपासले, तेव्हा आणखी चार गळताना आढळले.

मग त्यांनी आपल्या खोलीचे काही नियम ठरविले. शेवटी बाहेर पडेल त्याने दिवा-पंखा बंद करावयाचा. शॉवरखाली दहा मिनिटे उभे राहिले तर पाच बादल्या पाणी सहज जाते. म्हणून एका बादलीत अंघोळ करावयाची. विकतच्या बाटल्यांऐवजी प्रत्येकाने धातूची एक बाटली बाळगावयाची. बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावयाची. वह्यांतील कोरी पाने काढून, शिवून, त्यांच्या कच्च्या कामाच्या वह्या करावयाच्या. यांपैकी कशालाही खर्च आला नाही; उलट महिन्याच्या अखेरीस प्रत्येकाच्या खिशात थोडे पैसे उरू लागले.

सगळेच प्रयत्न पहिल्या फटक्यात साधले, असे मात्र नाही. त्यांनी जेवणघरात 'अन्न वाया घालवू नका' अशा पाट्या लावल्या. त्या कोणी वाचल्यादेखील नाहीत. मग त्यांनी निराळा उपाय योजिला. मेसच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, रात्रीचे उष्टे ज्या बादल्यांत टाकीत त्या बादल्या त्यांनी दाराजवळ, सर्वांना दिसतील अशा ठेवल्या, आणि फळ्यावर रोज फक्त एकच ओळ लिहिली : 'काल एवढ्या बादल्या.' कोणाचे नाव नाही, कोणाला दोष नाही. पहिल्या दिवशी दोन बादल्या भरल्या होत्या. मुले फळा वाचू लागली, आधी थोडे वाढून घेऊन मग लागेल तसे पुन्हा मागू लागली. महिन्याभराने एक बादलीही पुरती भरेनाशी झाली.

उरलेल्या ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा पहिला प्रयत्न तर पुरता फसला. खड्ड्यातून दुर्गंधी सुटली, माश्या घोंगावू लागल्या आणि शेजारच्या खोल्यांतील मुले भांडायला आली. तेव्हा माझ्या भाच्याने घरी फोन लावला. त्याच्या शेतकरी वडिलांनी विचारले, "वाळका पाला घातला होता का ?" घातला नव्हता ! ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा थर घालावा, अधूनमधून तो खालीवर करून हवा लागू द्यावी, म्हणजे तो कुजून घाण न होता त्याची माती होते. आवारातील झाडांचा पाला पूर्वी झाडून जाळला जात असे. तो आता खड्ड्यात पडू लागला, आणि धूरही थांबला.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या खोलीत गेलो. पंखा बंद होता. न्हाणीघरातून आवाज येत नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात बादल्या, मग, उशा, टेबलावरचे दिवे आणि ड्रॉइंगच्या फळ्या नीट रचून ठेवल्या होत्या.

"हे काय दुकान मांडले आहे ?" मी विचारले.

"दुकान नाही, मामा," भाचा हसून म्हणाला. "शेवटच्या वर्षाची मुले जाताना या वस्तू टाकून जातात, आणि नवी मुले आली की हेच सगळे नव्याने विकत घेतात. आम्ही जाणाऱ्यांकडून त्या गोळा केल्या, धुतल्या, दुरुस्त केल्या. पुष्कळशा यंदाच्या नव्या मुलांना दिल्या. या उरल्या आहेत. आमची एकच अट असते. शिक्षण संपवून जाताना वस्तू परत येथे ठेवून जायची."

मला माझ्या वडिलांचा पितळी तांब्या आठवला. पुढच्या खेपेस मी तो भाच्याला नेऊन दिला. आता त्याच्या टेबलावर पाणी पिण्यासाठी तोच असतो.

निघताना माझी नजर न्हाणीघराच्या दाराकडे गेली. तेथे वहीच्या कोऱ्या पानावर मुलांनी सुवाच्य अक्षरांत तीनच शब्द लिहून चिकटविले होते : 'दोन हंडे पाणी'. नव्याने आलेली मुले त्यांचा अर्थ विचारतात, आणि मग ती तिघे त्यांना टेकडी चढणाऱ्या एका मुलीची गोष्ट सांगतात.

त्या मुलीला हे कधी कळणार नाही. ती आता कोठे असेल, मला ठाऊक नाही. परंतु जी क्षमा मला १९८३ साली मागता आली नाही, ती त्या तीन मुलांनी आपल्या वागण्याने थोडीशी मागितली, असे मला वाटते. मुलांनो, तुम्हीही उद्या आपली खोली थाटाल. तेव्हा नळाखाली पेला ठेवून पाहा, आणि दोन हंडे म्हणजे किती ओझे असते, ते आठवा.

शब्दार्थ

करंडी – बांबूची लहान टोपली. रांजण – पाणी साठविण्याचे मोठे मातीचे भांडे. तथापि – तरीदेखील. पाडा – लहान, विशेषतः आदिवासी, वस्ती. औष्णिक केंद्र – उष्णतेपासून वीज निर्माण करण्याचे ठिकाण. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारा. ब्रीद – आयुष्यभर पाळावयाचा बाणा. शीत – शिजलेल्या भाताचा दाणा. योजिणे – ठरवून अमलात आणणे. सुवाच्य – सहज वाचता येईल असे.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिठी नदी कोठे उगम पावते व कोठे मिळते ?
(आ) वर्गातील मुलगी शाळेत रोज उशिरा का येत असे ?
(इ) खत करण्याचा पहिला प्रयत्न कशामुळे फसला ?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) "आमच्या एका खोलीने काय होणार ?" या प्रश्नाचे लेखकाने काय उत्तर दिले ?
(आ) पाट्यांनी जे साधले नाही ते फळ्यावरच्या एका ओळीने कसे साधले ?
(इ) 'या परीक्षेत मी स्वतः नापास झालो होतो,' असे लेखक का म्हणतो ? तुम्ही लेखकाच्या जागी असता तर काय केले असते ?

३. पुढील वाक्यांचे स्पष्टीकरण करा.
(अ) तेथे आपले मन हीच आपली आई, आणि तेच आपले वडील.
(आ) पानातला भात म्हणजे कोणाच्या तरी गळ्यातला मणी असतो.

४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
समज देणे, प्राणांस मुकणे, नजरेआड होणे, कमीपणा घेणे, खर्ची पडणे.

५. भाषाभ्यास : 'अनवाणी पायांनी ती जपून चढ चढत होती' या वाक्यात 'चढ' व 'चढत' हे शब्द आले आहेत. त्यांपैकी नाम कोणते व क्रियापदाचा भाग कोणता, ते सांगा. 'खेळ', 'लेख', 'धाव' या शब्दांची अशीच वाक्ये तयार करा.

६. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शाळेतील गळणाऱ्या नळाखाली दहा मिनिटे पेला ठेवा. दिवसाला व महिन्याला किती पाणी वाया जाते, याचा हिशेब करून तो वर्गात सांगा. नळ दुरुस्त झाल्यावर तो दिनांक हिशेबाखाली लिहा.